साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून देऊ नका



गळीत हंगामात घरची कर्ती माणसं तोडणी, वाहतूक आणि पाण्याच्या पाळ्यांत गुंतलेली असतात. अशा धावपळीत वडीलधाऱ्यांकडे दुर्लक्ष होते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

वयाबरोबर विसराळूपणा येतो, पण सावकाश, वर्षावर्षाने. उसाच्या टनांचा हिशेब तोंडपाठ असलेले आबा महिन्याभरात साधी बेरीज चुकू लागले, किंवा बोलकी आजी दिवसभर गप्प बसू लागली, तर ते नुसते म्हातारपण नव्हे. मेंदूत गाठ वाढत असल्याची ती खूण असू शकते.

डोकं दुखत नाही, मग गाठ कुठली, असे आपण म्हणतो. इथेच फसगत होते. उतारवयात मेंदू थोडा आकसतो आणि कवटीत जागा होते. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत डोकेदुखी उशिरा येते. स्वभाव, स्मरण आणि चाल अनेकदा आधी बिघडते.

पुढील खुणा ध्यानात ठेवा :

१. एका पायातली चप्पल नकळत निसटणे, एका हातातली वस्तू वारंवार पडणे.
२. ओळखीचे शब्द न आठवणे, बोलणे अडखळणे.
३. एका बाजूचे न दिसणे, त्याच बाजूला दाराची चौकट लागणे.
४. सकाळी डोके जास्त दुखणे, सोबत उलटी.
५. पूर्वी कधी नसताना फिट येणे.

फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे असे एकाएकी झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे तासाचाही उशीर नको.

निदान सीटी स्कॅन किंवा एमआरआयने होते. १९७१ साली लंडनमध्ये रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तोही मेंदूतल्या गाठीच्या संशयावरूनच. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मेंदूच्या आवरणाच्या बऱ्याच गाठी साध्या असतात, हळू वाढतात व शस्त्रक्रियेने काढता येतात. कधी गाठ नसतेच. बांधावरून पडल्यावर आठवड्यांनी डोक्यात साकळलेले रक्त हीच लक्षणे देते, आणि ते लहान शस्त्रक्रियेने काढता येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचाही समावेश आहे. रेशनकार्ड व ओळखपत्र सोबत न्या. बदल कधीपासून दिसला ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

उसाचं एक पान पिवळं पडलं तरी आपण बांधावर थांबून बघतो. घरच्या म्हाताऱ्या माणसाकडेही तसंच थांबून बघावं, एवढीच विनंती.