ऑनलाइन हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी: पैसे भरण्याआधी घरच्यांनी काय पाहावं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या एक जुन्या पेशंट काकू नेहमीच्या तपासणीला आल्या. मधुमेह दहा वर्षांचा, बीपी एका गोळीवर व्यवस्थित असायचं. त्या दिवशी मात्र १६८/९८ निघालं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि नेत्रतज्ज्ञांनी दोन महिन्यांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. झालं का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "नाही मॅडम, दिवाळीनंतर बघू. पोराचं ॲडमिशन घेतलंय. घरबसल्या तीन वर्षांत हॉस्पिटलात साहेब होणार तो."

मुलगा बारावी कॉमर्स. मोबाइलवर जाहिरात पाहिली: हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशनमधली ऑनलाइन पदवी, नोकरीची शंभर टक्के हमी. एकूण फी १ लाख ४० हजार. पहिला हप्ता डोळ्यासाठी ठेवलेल्या एफडीतून गेला, उरलेल्यासाठी काकूंच्याच नावावर कर्ज. पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे दोघांनाही सांगता आलं नाही.

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. हॉस्पिटलशी संबंधित आहे म्हणजे डॉक्टरांना माहीत असेल, असं लोकांना वाटतं. मी काही करिअरचा सल्ला देणारी नाही. पण हॉस्पिटलची आतली बाजू वीस वर्षं बघते आहे, आणि या पदवीचा उपयोग कुणाला होतो आणि कुणाला होत नाही हे त्यातून थोडंफार कळलं आहे.

ही माणसं नेमकं करतात काय?

तुम्ही कधी ना कधी डिस्चार्जसाठी ताटकळला असाल. सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा," आणि प्रत्यक्षात बाहेर पडायला संध्याकाळ होते. मधल्या वेळात काय चालतं? न वापरलेली औषधं फार्मसीत परत जातात, लॅबचं आणि एक्स-रेचं बिल एकत्र होतं, डिस्चार्ज कार्ड टाइप होतं, डॉक्टर ते वाचून सही करतात, अंतिम बिल विमा कंपनीकडे जातं, तिकडून एखादी शंका येते, तिचं उत्तर जातं, मग मंजुरी मिळते. यातलं डॉक्टरांचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. बाकीचं सगळं हॉस्पिटल प्रशासनाचं.

विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ मध्ये सांगितलं आहे, की कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापोटी जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भरायचे. नियम चांगला आहे. पण हे घड्याळ हॉस्पिटलकडून कागद गेल्यावर सुरू होतं. टीपीए डेस्कवरच्या माणसाने कागद अर्धवट पाठवले, तर तीन तासांचे सहा तास होतात आणि तुमचे वडील व्हीलचेअरवर बसून राहतात.

हीच माणसं सरकारी योजनांचं पाहतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र तुमची कागदपत्रं तपासतो, पण मंजुरीसाठी लागणारे रिपोर्ट वेळेत चढवायचे ते हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांनीच. सुया कुठल्या डब्यात आणि रक्ताने भरलेला कापूस कुठल्या पिशवीत जातो, जैववैद्यकीय कचरा ४८ तासांच्या वर पडून तर नाही ना, ऑक्सिजनचा साठा किती उरला आहे, अग्निशमन यंत्रणेची तपासणी झाली का, हेही त्यांच्याच वहीत असतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. तेव्हापासून कुठल्याही हॉस्पिटलात गेले की आधी आगीचा सिलिंडर शोधते आणि त्यावरची तारीख वाचते. सवयच लागली आहे.

एमबीबीएसला आम्हाला यातलं फारसं कुणी शिकवलं नाही. मी पहिल्यांदा एका छोट्या हॉस्पिटलात लागले तेव्हा ॲडमिशनची तारीख केसपेपरवर एक आणि डिस्चार्ज कार्डवर दुसरी लिहिली. क्लेम अडकला. पेशंटच्या मुलाला तीन वेळा गावाहून हेलपाटे घालावे लागले. चूक माझी होती, आणि ती पकडायला त्या हॉस्पिटलात कुणी नेमलेलंच नव्हतं. त्यामुळे हे काम दुय्यम आहे, असं मी कधीच म्हणणार नाही.

मग ऑनलाइन पदवी घ्यावी का?

आधी एक गैरसमज दूर करू. ऑनलाइन पदवी म्हणजे खोटी पदवी, असं नाही. यूजीसीचे ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षणाचे नियम २०२० साली आले. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट असतात. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि चाचण्या असं शिक्षण, आणि शेवटी देखरेखीखाली परीक्षा. बहुतेक ठिकाणी ती बीबीए असते आणि हॉस्पिटल किंवा हेल्थकेअर मॅनेजमेंट हा त्यातला विशेष विषय. हिशोब, मनुष्यबळ, वैद्यकीय परिभाषा, आरोग्य विमा, कायदे, रेकॉर्ड, गुणवत्ता असे विषय त्यात येतात.

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, डेंटल आणि वैद्यकीय पदव्या मात्र ऑनलाइन मिळूच शकत नाहीत. जुलै २०२५ पासूनच्या सत्रासाठी यूजीसीने मानसशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन, मायक्रोबायोलॉजी यांसारखे आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रमही ऑनलाइन बंद करायला सांगितले. त्यामुळे जाहिरातीत "हेल्थ" शब्द दिसला की नेमका कोर्स कोणता, हे नीट वाचा. आणि प्रशासनाची पदवी घेतलेला माणूस डॉक्टर नसतो. त्याने औषध लिहून द्यायचं नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. हे लिहावं लागतंय, कारण एका आईने मला अगदी सरळपणे विचारलं होतं, "मग गावात छोटा दवाखाना टाकता येईल ना?"

फायदा कुणाला होतो? मी पाहिलेल्यांपैकी ज्यांना झाला, ते सगळे आधीच हॉस्पिटलात काम करणारे होते. आमच्या मिरजेत वॉनलेस हॉस्पिटलच्या काळापासून गल्लोगल्ली हॉस्पिटलं आहेत. त्यातल्या एकात बिलिंगला बसणारी मुलगी बारावीनंतर थेट कामाला लागली होती. सहा वर्षं काम केलं, पण पदवी नाही म्हणून बढती अडली होती. तिने रात्री अभ्यास करून ऑनलाइन बीबीए केलं. ती मला म्हणाली, "मॅडम, अर्धं मला येतच होतं, फक्त त्याला नाव काय ते कळलं." आज ती विमा विभाग सांभाळते. वॉर्डमध्ये बारा-पंधरा वर्षं काढलेली नर्स, मेडिकल रेकॉर्ड सांभाळणारा क्लार्क, लग्नामुळे शिक्षण सुटलेली पण कॉम्प्युटरवर बसणारी रिसेप्शनिस्ट, यांच्यासाठी ऑनलाइन हा खरोखर सोयीचा मार्ग आहे. नोकरी सोडावी लागत नाही आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी वापरता येतं.

बारावी झालेल्या, हॉस्पिटलची पायरीही न चढलेल्या मुलाचं चित्र वेगळं आहे. स्क्रीनवर "तक्रार निवारण" हा धडा वाचणं आणि रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीबाहेर चिडलेल्या वीस नातेवाइकांसमोर उभं राहणं, यात फार अंतर आहे. पदवीनंतरही त्याची सुरुवात फ्रंट ऑफिस, बिलिंग किंवा फ्लोअर कोऑर्डिनेटर म्हणूनच होणार. तिथे बीकॉम झालेला मुलगाही त्याच खुर्चीवर आणि बऱ्याचदा त्याच पगारावर बसतो. "ॲडमिनिस्ट्रेटर" ही पाटी दारावर लागायला अनुभव लागतो आणि बहुधा पुढची पदव्युत्तर पदवीही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स पदवी अनेक वर्षांपासून आहे, आणि कुठल्याही शाखेचा पदवीधर पुढे अशा शिक्षणाचा विचार करू शकतो. सरकारी रुग्णालयातलं वैद्यकीय अधीक्षकाचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकाचं पद या पदवीवर मिळत नाही, ते डॉक्टरांचंच असतं.

पैसे देण्याआधी अर्धा तास काढा

सगळ्यात आधी विद्यापीठाचं नाव विचारा. ॲपचं नाही, क्लासचं नाही, फोनवर गोड बोलणाऱ्या काउन्सेलरचं नाही. पदवी विद्यापीठ देतं. ते नाव यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर शोधा. तिथे फक्त विद्यापीठ सापडून भागत नाही. मान्यता त्या अभ्यासक्रमाला आणि त्या शैक्षणिक सत्राला असते. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असं नाही. विद्यापीठाला स्वतःचं काम दुसऱ्या संस्थेला फ्रँचायझी म्हणून चालवायला देता येत नाही. "आमचं सेंटर आहे, पदवी दुसरीकडून येते" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

२०२४ पासून अशा कोर्सला प्रवेश घेताना विद्यार्थ्याने डीईबी आयडी काढावा लागतो. तो स्वतः काढायचा, त्यासाठी शैक्षणिक क्रेडिट बँकेचं खातंही लागतं. एजंट "आम्हीच सगळं करतो, ओटीपी सांगा" म्हणत असेल तर ओटीपी देऊ नका. आयडी लागतच नाही असं म्हणत असेल तर प्रश्न तिथेच संपला.

परदेशी विद्यापीठाचं नाव असलं की घरचे जास्त भाळतात. भारतातल्या एखाद्या ॲपने परदेशी विद्यापीठाशी हातमिळवणी करून दिलेल्या ऑनलाइन पदवीला मान्यता नाही, असं यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मुली-सुनांनी तिथली ऑनलाइन पदवी तिथल्या नोकरीसाठी घेणं ही वेगळी गोष्ट. तिकडे ती बरीच रुळलेली वाट आहे, फक्त नर्सिंग होमचा प्रशासक व्हायला राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

आता पैशांचं. "बिनव्याजी हप्ते" म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. पैसे कोर्सवाल्याला एकदम मिळतात आणि तुम्ही हप्ते फेडत राहता. मुलाने चौथ्या महिन्यात कोर्स सोडला तरी हप्ता थांबत नाही. कर्ज कुणाच्या नावावर आहे आणि कोर्स सोडला तर काय, हे लेखी घ्या. नोकरीच्या हमीचंही तसंच. हमी असेल तर कुठलं हॉस्पिटल, कुठलं पद, हे कागदावर मागा. मी सांगितल्यावर तिघांनी मागून पाहिलं, एकालाही मिळालं नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

माझा स्वतःचा आग्रह एकच असतो. फी भरण्याआधी मुलाला तीन महिने जवळच्या हॉस्पिटलात कामाला लावा. रिसेप्शन, फाइल लावणं, काहीही चालेल. शिफ्ट, रक्त, रडणं, शिव्या, हे सगळं पाहूनही त्याला तिथे राहावंसं वाटलं तर पदवीचा विचार करा. नाही वाटलं तर लाखभर रुपये वाचले. आणि आईवडिलांच्या उपचारासाठी ठेवलेले पैसे यात घालू नका. मधुमेह असलेल्या माणसाचा मोतीबिंदू फार पिकू दिला तर आतला पडदा नीट तपासता येत नाही, आणि अंधूक डोळ्यांनी जिन्यावरून पडणं तर नेहमीचंच.

काकूंच्या मुलाने माझ्यासमोर बसूनच डीईबीची यादी उघडली. ज्याचं नाव त्या काउन्सेलरने शेवटी फोनवर सांगितलं, ते विद्यापीठ त्या कोर्ससाठी यादीत नव्हतं. कर्ज अजून मंजूर झालेलं नव्हतं, ते थांबवता आलं. पहिल्या हप्त्यातले निम्मेच पैसे परत आले, तेही चार महिने फोन केल्यावर. काकूंचा मोतीबिंदू सरकारी रुग्णालयात मोफत झाला. आधीच विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. बीपीही त्या जुन्या एका गोळीवर परत आलं.

मुलगा सध्या एका तीस खाटांच्या हॉस्पिटलात रात्रपाळीला रिसेप्शनवर असतो आणि पुढच्या सत्रासाठी दोन विद्यापीठांची माहिती काढतो आहे. परवा रात्री त्याचा फोन आला. एका पेशंटच्या डिस्चार्ज कार्डवर ॲडमिशनची तारीख चुकली होती आणि तिथल्या सहकाऱ्याने व्हाइटनर काढलं होतं. मी म्हटलं, व्हाइटनर ठेवून दे. चुकीच्या तारखेवर एक सरळ रेघ मार, शेजारी बरोबर तारीख लिही, आणि सकाळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची तिथे सही घे, मगच कागद विम्याला पाठव.