नदीखालचा कोरडा सज्जा

श्रावणात बोरी नदी दुथडी भरली की नळदुर्गच्या किल्ल्यात एक अजब गोष्ट घडते. धरणाच्या भिंतीच्या पोटातल्या पायऱ्या उतरून गेलं की महिरपींचा सज्जा लागतो. डोक्यावरून नदी चाललेली, समोर तिचा पांढरा पडदा कोसळतोय, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चार तुषार उडतात तेवढेच. बाकी अंगावरचा सदरा कोरडा!

तुळजापूर तालुक्यातला हा पाणीमहाल 1613 सालचा. बांधवून घेणारा विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह, बांधणारा मीर इमादीन. युक्ती ऐकायला सोपी आहे. घडीव काळ्या दगडाच्या रुंद भिंतीत दालन ठेवायचं आणि माथ्यावरचं पाणी दोन सांडव्यांतून असं सोडायचं, की ते भिंतीला न चिकटता पुढे जाऊन पडेल. या दोन धबधब्यांना लोक नर आणि मादी म्हणतात.

पण नुसत्या मौजेसाठी कुणी नदी अडवत नाही. इब्राहिम 1580 मध्ये तख्तावर आला तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. कारभार चुलती चांदबिबी आणि सरदार पाहत होते. पोरगा राजा बघून निजामशाही आणि कुतुबशाही फौजा चालून आल्या, त्यांनी वेढा घातला तो याच नळदुर्गाला. किल्ला टिकला. वेढा पडलेल्या गडाला आधी पाणी लागतं. धरणानं ते अडवलं, शिवाय ही भिंतच पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्यावर जायची वाट झाली.

मग त्यात महाल कशाला? उत्तर या सुलतानाच्या स्वभावात सापडतं. तो स्वतः गायचा, पदं रचायचा. आपल्या लाडक्या तंबोऱ्याचं नाव त्यानं मोतीखान ठेवलं होतं. त्याच्या ‘किताब-ए-नवरस’मधली दख्खनी पदं रागांत बांधलेली आहेत आणि त्यांत सरस्वती, गणपतीलाही वंदन आहे. विजापूरजवळ 1599 मध्ये वसवायला घेतलेल्या शहरालाही नाव दिलं नवरसपूर. लोक त्याला जगद्गुरू म्हणत.

वेढ्यात पाणी घागरींनी मोजतात. या राजानं ते साठवलं, आणि शेजारी बसून ऐकायची सोयही करून ठेवली.