तारलीतलं तेल आणि आपला मेंदू

‘ओमेगा-३ची कॅप्सूल घ्यावी का?’ असं बरेच जण विचारतात. मी रत्नागिरीकर, म्हणून उत्तर मिरकरवाडा बंदरावरूनच सुरू करतो: तारली आणि बांगडा.

या माशांच्या चरबीत ईपीए आणि डीएचए ही फॅटी आम्लं असतात. मासे ती स्वतः फारशी बनवत नाहीत. बनवतं समुद्रातलं सूक्ष्म शैवाल. ते तारलीच्या पोटात जातं आणि तारली आपल्या.

डीएचएची साखळी जागोजागी वाकलेली असते, त्यामुळे पेशीचं आवरण लवचिक राहतं. थंड पाण्यातल्या माशांना ही लवचिकता जगायलाच लागते. आपल्या शरीरात डीएचए मेंदूत आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात भरपूर असतं.

जवस, अक्रोडातलं ओमेगा-३ वेगळं. त्यातून आपलं शरीर डीएचए अगदी थोडंच बनवतं. मासे न खाणाऱ्यांसाठी शैवालाचं तेल मिळतं.

आता हिशोब. १००० मिलिग्रॅमच्या साध्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून साधारण ३००च मिलिग्रॅम असतं! म्हणून डबीची मागची बाजू वाचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा मासे पुरेत. आणि हो, तळण्यापेक्षा तिरफळ घालून तिखलं करा. सुटलेलं तेल रश्श्यातच राहतं. भेटू पुढच्या भागात!