पायाखालची चाळीस वर्षं

2 नोव्हेंबर 1983 रोजी कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून क्रायस्लरची पहिली मिनीव्हॅन बाहेर पडली. डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या जुळ्या गाड्यांबद्दल आजवर भरपूर लिहिलं गेलं, पण त्यांच्या फरशीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना मिळत असल्याने मधून जाणारा उंचवटा नव्हता. फरशी सपाट, जमिनीच्या जवळ, आणि बाजूला मोठं सरकतं दार. म्हातारी माणसं सहज चढू लागली, मुलं उड्या मारत आत जाऊ लागली. त्यांच्याबरोबर बाहेरचा सगळा रस्ताही आत येऊ लागला. 1996 च्या मॉडेलपासून ड्रायव्हरच्या बाजूलाही सरकतं दार मिळू लागलं आणि चिखलाला दुसरी वाट झाली. पायाखाली मात्र कार्पेटच राहिलं.

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना या कार्पेटची खरी ओळख हिवाळ्यात होते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते साधं सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठच. उणे नऊ-दहा अंश सेल्सिअसच्या खाली त्याचा जोर ओसरतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइडही वापरतात. हे दुसरं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. बुटांबरोबर ते कार्पेटमध्ये उतरलं की कार्पेट पुरतं वाळतच नाही. वर दिसतात ते पांढरे डाग कोमट पाणी आणि व्हिनेगरने निघतात. पण कार्पेटखालच्या तागाच्या किंवा फोमच्या थरात मुरलेलं पाणी निघत नाही, आणि त्या थराखाली गाडीचा पत्रा आणि वायरी असतात. एप्रिलमध्ये ऊन तापायला लागलं की बंद गाडीत जो कुबट वास सुटतो, तो या थरातून येतो. म्हणून कार्पेटवर घालायच्या मॅटला मी सजावटीचं सामान मानत नाही. गाडी दहा-पंधरा वर्षं टिकवायची असेल तर ती टायरइतकीच गरजेची आहे.

सुरुवातीच्या काळात दुकानांत मिळत त्या ‘कोणत्याही गाडीला चालतील’ अशा रबरी मॅट्स. मागच्या बाजूला खाचा असत, त्यांवरून कात्रीने कापून बसवायच्या. पुढच्या दोन सीटपुरतं भागायचं. थंडीत रबर कडक होऊन कोपरे वर वळायचे, उन्हाळ्यात वास यायचा. पण मिनीव्हॅनचा खरा प्रश्न मधल्या रांगेचा होता. तिथली फरशी खोलीसारखी रुंद, आणि तेवढी मोठी मॅट सहजी मिळत नसे. लोक पुठ्ठे घालत, जुने टॉवेल घालत. मराठी घरांतून आलेल्या सोलापुरी चादरींनी तिथे किती हिवाळे काढले असतील! चादर पाणी टिपते, पण टिपलेलं पाणी खाली कार्पेटलाच देते.

1989 मध्ये याच भागातल्या डेव्हिड मॅकनील यांनी इंग्लंडहून रबरी मॅट्स आणून विकायला सुरुवात केली. त्यांची वेदरटेक कंपनी आज आमच्या शेजारच्या बोलिंगब्रुकमध्ये आहे. तिची मोठी प्रतिस्पर्धी हस्की लायनर्स कॅन्ससमधल्या विनफिल्डची. पुढे गाडीच्या फरशीचं माप लेझरने घेऊन, तिच्या प्रत्येक उंचसखल भागाला धरून बसणारे लायनर आले. त्यांच्या कडा परातीसारख्या उचललेल्या असतात, त्यामुळे वितळलेलं पाणी आतच राहतं आणि उचलून ओतून देता येतं. रबराऐवजी थंडीतही लवचीक राहणारं थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर त्यात वापरलं जाऊ लागलं. 2014 च्या सुपर बोल सामन्यात वेदरटेकची जाहिरात झळकली, तेव्हा हा धंदा केवढा झालाय हे साऱ्या देशाला दिसलं.

त्याच्या आधी 2009 साल येऊन गेलं होतं, आणि मॅटचा इतिहास सांगताना ते वगळता येणार नाही. 28 ऑगस्टला सॅन दिएगोजवळ एक लेक्सस ईएस 350 भरधाव जाऊन आदळली आणि एकाच कुटुंबातली चार माणसं गेली. गाडी तात्पुरती वापरायला दिलेली होती, आणि तिच्यात लेक्ससच्याच दुसऱ्या, मोठ्या मॉडेलची सर्व-हवामान मॅट घातलेली होती. त्या मॅटमध्ये अ‍ॅक्सिलरेटर अडकला होता. महिनाभरात टोयोटाने ड्रायव्हरच्या बाजूच्या मॅट्स काढून टाकायला सांगितलं आणि सुमारे 38 लाख गाड्या परत बोलावण्याच्या कक्षेत आल्या. पुढे नासाच्या अभियंत्यांनी तपास केला. 2011 च्या त्यांच्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा सापडला नाही. अडकणारे पेडल आणि मॅट हीच कारणं उरली. त्या बातमीनंतर मॅटमध्ये आधी काय पाहायचं हे मी बदललं: आधी ती जागेवरून हलते का, मग पाणी धरते का.

दरम्यान मधली रांग अधिकच अवघड होत गेली. 2005 च्या क्रायस्लर गाड्यांत मधल्या सीट फरशीतल्या कप्प्यात दुमडून जाऊ लागल्या, म्हणून त्या कप्प्यांची झाकणं उघडतील अशीच मॅट लागते. 2018 च्या होंडा ओडिसीत मधल्या सीट आडव्याही सरकतात. 2021 पासूनच्या टोयोटा सिएनात त्या लांबच लांब मागे जातात. म्हणून मॅट घेताना नुसतं ‘सिएना’ सांगून चालत नाही. वर्ष, सात सीट की आठ, आणि सीट कशा सरकतात, हे तिन्ही जुळायला हवं. मागच्या रांगेसाठी वेगळे पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे. तिथे बूट कमी पोचतात. डिकीतल्या खोल खड्ड्यासाठी मॅट घेतली तर मागची सीट दुमडण्याआधी ती दर वेळी काढावी लागते, हेही लक्षात घ्यावं.

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी. भारतातून आईवडील येतात, तेव्हा सरकत्या दाराशी उंच उचललेली कड साडीत, चपलेत अडकते. दाराकडची कड बुटकी असलेली मॅट शोधा. आणि रंग काळाच घ्या. गणपतीच्या जेवणाला नेताना आमटी सांडली तर भांड्यांच्या साबणाने तेल निघतं, पण फिकट मॅटवरची हळद राहते.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे. गुंडाळून आलेली मॅट उन्हात पसरून सपाट होऊ द्यावी. जुनी मॅट काढून टाकावी. एकीवर दुसरी कधीही घालू नये. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट फरशीतल्या हुकांत बसवून हाताने ओढून पाहावी. मग इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि सीट पुढे-मागे पूर्ण सरकवावी. चकाकी आणणारं पॉलिश लावू नये, पाय घसरतो.

हिवाळा संपला की आपण मॅट धुतो आणि घाईत परत टाकतो. तेव्हा एवढं करा: हूक अडकलाय याची खात्री झाल्याशिवाय गाडी सुरू करू नका, आणि हूक तुटला असेल तर नवी मॅट येईपर्यंत ड्रायव्हरच्या पायाखाली नुसतं कार्पेटच राहू द्या.