पाखरांचा कंठ आणि मेंदू

वसंतात आमराईतून कोकिळाचा स्वर कानी पडला की आपण त्याच्या कंठाची वाखाणणी करतो. पण या गवयाचा गुरू कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. कोकिळेचे पिलू कावळ्याच्या घरट्यात वाढते, दिवसभर कावकाव ऐकते, आणि तरीही वेळ आली म्हणजे कोकिळाचाच सूर लावते. हे गाणे त्याच्या मेंदूत जन्मतःच रचलेले असते. कोंबड्याच्या आरवण्याचेही तसेच आहे.

पोपट, मैना, कॅनरी यांना मात्र स्वर शिकावे लागतात. केंब्रिजचे विल्यम थॉर्प यांनी १९५० नंतरच्या दशकात चॅफिंच नावाच्या पाखराची पिले स्वजातीच्या गाण्यापासून दूर वाढविली. मोठेपणी ती गायिली खरी, पण ते गाणे अगदीच ओबडधोबड निघाले. पुढे १९६५ साली मासाकाझू कोनिशी यांनी अमेरिकेतील एका चिमणीसारख्या पक्ष्यावर प्रयोग केला. वडीलधाऱ्यांचे गाणे ऐकलेल्या, परंतु स्वतः गळा न साधलेल्या पिलाला बहिरे केले, तर त्याचे गाणे विस्कटते. गाणे पक्के झाल्यावर बहिरेपण आले, तर ते बव्हंशी टिकते. अशा प्रयोगांची वर्णने वाचताना आमचे मन विषण्ण होते, हे येथे नमूद करणे भाग आहे. परंतु त्यांतून जे कळले तेही नाकारता येत नाही: पाखरू आधी ऐकलेले ध्यानात ठेवते, आणि मग स्वतःचा आवाज ऐकून तो त्या आठवणीशी ताडून पाहते.

ही ताडणी मेंदूत होते. १९७६ साली न्यूयॉर्क येथील फर्नांडो नोटेबोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरीच्या मेंदूतील गायनाचे केंद्र दाखवून दिले. ते दोन्ही बाजूंस निकामी झाले असता पक्षी गाण्याचा पवित्रा घेई, त्याचा गळाही हाले, पण गाणे उमटत नसे. या केंद्रातून निघालेला हुकूम खालच्या केंद्रांमार्फत श्वासाच्या स्नायूंना आणि श्वासनलिकेच्या बुडाशी असलेल्या स्वरयंत्राला पोहोचतो. याखेरीज मेंदूत दुसरीही एक वाट आहे. पहिल्या वाटेने हुकूम जातो, तर दुसरीवर उमेदवारी चालते, असे म्हणावयास हरकत नाही. १९८४ साली झेब्रा फिंच या पाखरात असे आढळले, की या दुसऱ्या वाटेवरील एक ठाणे लहानपणी बिघडले तर गाणे कायमचे अपुरे राहते. प्रौढपणी बिघडले तर गाण्यात फारसा फरक पडत नाही. शिकून झालेल्या उमेदवाराला उस्तादाची गरज उरत नाही, तसेच हे.

माकड आपले नातलग खरे, पण या बाबतीत ते कोकिळाच्या पंक्तीला बसते. त्याच्या हाका मुख्यतः मेंदूच्या खोल, जुन्या भागांतून उठतात व बव्हंशी उपजतच असतात. मनुष्याच्या मेंदूच्या बाह्य थरातून मात्र कंठाच्या स्नायूंना हलविणाऱ्या पेशींपर्यंत थेट तंतू जातात. म्हणून बोलण्याच्या बाबतीत आपले मूल माकडापेक्षा कॅनरीच्या पिलाला जवळचे आहे; तेही आधी ऐकते, मग बोबडे बोलत स्वतःचा आवाज पारखते.

जन्मतः बहिऱ्या मुलाचा कंठ बहुधा निर्दोष असतो. त्याला पारखावयास आवाज मिळत नाही, एवढेच. त्याला श्रवणयंत्र किंवा कानात बसविण्याचे कॉक्लियर उपकरण जितक्या लवकर मिळेल, तितकी वाचा चांगली उमलते. 'मूल उशिरा बोलते, आमच्या घरात असेच चालते' म्हणून दोन-तीन वर्षे घालविणारी घरे आपल्यातही आहेत. वस्तुतः श्रवणाची तपासणी आता जन्मानंतर काही दिवसांतच, मूल झोपेत असतानाही करता येते, आणि तिला थोडी मिनिटे पुरतात.