विजेची शिदोरी



चार वर्षांपूर्वींची गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस होता. आमच्या हिंगणीस एका सायंकाळीं बोर धरणाच्या बाजूनें वावटळ उठली, आणि एका मिनिटाच्या आंत वीज तीन वेळां गेली व तीन वेळां आली. गांवांत कोणास त्याचें विशेष वाटलें नाहीं. ‘लाईन गेली’ हे शब्द विदर्भांतील खेड्यापाड्यांस पावसाइतकेच परिचित आहेत. परंतु त्या वेळीं मी मुलाच्या जुन्या संगणकावर एका महिला बचत गटाचा तीन महिन्यांचा हिशेब लिहीत बसलों होतों. तिसऱ्यांदा वीज आली, दिवे लागले, पंखा फिरूं लागला. संगणक मात्र सुरू झाला नाहीं. त्यांतील हार्ड डिस्क कायमची बिघडली होती. कोणी किती भरले, कोणाचा कोणता हप्ता फिटला, हें पासबुकांवरून व चिठोऱ्यांवरून पुन्हां जुळवितांना मला अकरा दिवस लागले. एका बाईच्या दोनशें रुपयांचा मेळ तर अद्यापि बसलेला नाहीं. ती बाई मला कांहीं बोलत नाहीं, आणि तेंच मला अधिक लागतें.

अशा प्रसंगासाठीं जी पेटी बाजारांत मिळते तिला ‘यूपीएस’ म्हणतात. प्रवासास निघतांना आपण शिदोरी बांधून घेतों, तशी ही विजेची शिदोरी होय. ती थोड्या पैशांत कशी निवडावी, एवढाच आजचा विषय आहे. मी विद्युच्छास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर शाळेंत मुलें शिकविलीं. तरी पदरचे पैसे घालवून जें शिकलों तें सांगण्यास हरकत नसावी.

पेटीच्या आंत तीन वस्तू असतात: एक बॅटरी, ती भरणारें साधन, आणि बॅटरीची एकाच दिशेनें वाहणारी वीज घरच्या विजेसारखी उलटसुलट वाहावयास लावणारें मंडळ. घरची वीज २३० व्होल्ट दाबाची असून सेकंदाला ५० आवर्तनें घेते. ती बंद पडतांच पेटी संगणकास बॅटरीवर घेते. या बदलास साधारणपणें सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा त्याहूनहि कमी वेळ लागतो. संगणकाच्या अंगीं इतका वेळ तग धरण्याची शक्ति मुळांतच असते. म्हणून ज्यांत हा अल्प खंडहि पडत नाहीं अशी महाग ‘ऑनलाईन’ जातीची पेटी घरीं घेण्याचें कारण नाहीं. ती इस्पितळांस व मोठ्या कचेऱ्यांस शोभते.

मात्र अगदीं स्वस्त जातीच्या पेटींतहि खेड्यांत एक अडचण आहे. आपलें घर विजेच्या तारेच्या शेवटच्या टोकास असलें आणि सायंकाळीं सर्वत्र दिवे-पंप चालूं लागले, कीं दाब १८० व्होल्टपर्यंतहि उतरतो. साध्या पेटीला ही वीज गेल्यासारखीच वाटते. ती घडोघडी बॅटरीवर जाते, आणि वर्षाच्या आंत बॅटरी झिजून जाते. मधली ‘लाईन-इंटरॅक्टिव्ह’ जात बॅटरीस हात न लावतां कमी दाब वाढविते व अधिक झालेला उतरविते. आपल्यासाठीं तीच घ्यावी. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत पेटी बॅटरीविना सांभाळते, हा आंकडा खोक्यावर छापलेला असतो. सुमारें १४० पासून २९० पर्यंतचा असला म्हणजे खेड्यास पुरतो.

आतां मी जेथें फसलों तें सांगतों. पहिली पेटी मीं घाईनें आणली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ६०० लिहिलें होतें. तें मीं वॅट समजलों आणि संगणकाबरोबर शेजाऱ्याचा लेसर प्रिंटरहि तिला जोडला. वीज गेली असतांना पहिलाच कागद काढूं लागतांच पेटीनें एकदां किंचाळून मौन धरलें. ते ६०० वॅट नसून व्होल्ट-अँपिअर असतात. खरी भार उचलण्याची शक्ति वॅटमध्यें असते. ती बारीक अक्षरांत दिलेली असून बहुधा ३६० च्या आसपास असते. लेसर प्रिंटर शाईची भुकटी तापवून कागदावर वितळवितो व त्या क्षणीं कित्येकशें वॅट मागतो. तो पेटीला कधींहि जोडूं नये. पंखा, कूलर, इस्त्री यांचें तर नांवच नको.

उलट संगणकाच्या पाठीवरील ४५० वॅटचा आंकडा पाहून घाबरूंहि नये. ती त्याची कमाल ताकद झाली. लिहिणें, हिशेब करणें, अर्ज भरणें अशा कामांत साधा संगणक व त्याचा पडदा मिळून १०० वॅटच्या मागेंपुढेंच वीज घेतात. म्हणजे लहानांत लहान पेटीहि पुरेशी आहे. त्याहून मोठी घेण्यास सांगणाऱ्या दुकानदारास कारण विचारावें.

ती किती वेळ पुरेल? लहान पेटींतील बॅटरी १२ व्होल्टची व ७ अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला तर ८४ येतात. मग १०० वॅटचा भार पाऊण तासाहून अधिक चालावा. परंतु तो चालत नाहीं. ते ७ अँपिअर-तास वीस तासांत हळूहळू वीज काढली तर मिळतात. लहान विहिरीवर मोठा पंप बसविला तर तो घटकेंत पाणी तोडतो आणि थोडें थांबल्यावर विहिरींत पुन्हां पाणी दिसतें. बॅटरीचेंहि बरेंचसें तसेंच आहे. शिवाय दिशा बदलतांना कांहीं वीज उष्णतेंत जाते. नवी बॅटरी पंधरा-वीस मिनिटें टिकली तर ती चांगली समजावी. दोन वर्षांनीं त्याच्या निम्मीं. चालू असलेलें काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यास तीन मिनिटें पुरतात. ही पेटी तेवढ्याचसाठीं आहे, दोन तास काम रेटण्यासाठीं नाहीं.

ज्यांना तसें काम करावयाचें आहे, त्यांच्या घरीं दिव्या-पंख्यांसाठीं मोठा इन्व्हर्टर असल्यास त्याच्या पाठीमागें ‘यूपीएस’ असें लिहिलेली कळ आहे कीं काय तें पाहावें. ती त्या बाजूस केल्यास बदल जलद होतो आणि बहुतेक संगणक त्यावर न थांबतां चालतात; वेगळी पेटी घेण्याचा खर्च वांचतो. आणि संगणकच अद्यापि घ्यावयाचा असेल तर लॅपटॉप घ्यावा. शिदोरी त्याच्या पोटांतच असते. मग फक्त इंटरनेटच्या लहान डबीची सोय करावी लागते. ती जेमतेम दहा वॅट घेत असल्यानें एका लहानशा साधनावर कित्येक तास चालते.

या सर्वांत बॅटरीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वारंवार पैसा खाते ती तीच. शिशाची ही बॅटरी प्लांते नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम केली. आजची बंद जातीची बॅटरी तिचीच वंशज आहे. ती २५ अंश उष्णतेस सुखी असते. त्यावर दर दहा अंशांस तिचें आयुष्य निम्मे होतें असा ठोकताळा आहे. आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ च्या वर जातो. तेव्हां पेटी पश्चिमेच्या भिंतीशीं किंवा टिनाखालील माळ्यावर ठेवणें म्हणजे बॅटरी भाजणेंच होय. जमिनीजवळ, सावलींत, कूलरच्या ओलाव्यापासून दूर आणि वारा लागेल अशी ठेवावी. ट्रान्झिस्टरचे उतरलेले सेल उन्हांत ठेवून पुन्हां वापरण्याची आमच्या पिढीची युक्ति येथें उपयोगाची नाहीं.

खरेदीच्या वेळीं पेटीची किंमत विचारावी, आणि लगेच नव्या बॅटरीचीहि विचारावी. लहान पेटी सामान्यतः अडीच ते साडेतीन हजार रुपयांस पडते, बॅटरी हजाराच्या घरांत. आणि ती दोन-तीन वर्षांनीं बदलावी लागते. सहा वर्षांचा हिशेब मांडला तर दुसऱ्या पेटीहून दोनशें रुपयांनीं स्वस्त म्हणून घेतलेली, पण विशिष्ट आकाराचीच बॅटरी लागणारी पेटी महाग ठरते. सर्वत्र मिळणारी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी तींत बसते कीं नाहीं तें पाहावें. बॅटरीवरचा निर्मितीचा महिना वाचावा. दुकानांत वर्षभर न भरतां पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण क्षार धरतो, व ती नवी असूनहि म्हातारी असते. पेटीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण व ‘आर’ या अक्षरानें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक असावा. या आकाराच्या पेट्यांस तो सक्तीचा आहे. पावती घ्यावी. वर्ध्यास दुरुस्ती होईल कीं नागपुरास पेटी न्यावी लागेल, हेंहि तेथेंच विचारावें, कारण एस.टी.चें भाडें हाहि किमतीचाच भाग आहे.

घरीं आणल्यावर प्रथम अर्थिंग तपासून घ्यावें, तेंहि वायरमनकडून. संगणकाच्या पत्र्यास बोट लावतांच मुंग्या येत असतील तर तिसऱ्या पिनेला जमिनीचा आधार नाहीं असें समजावें. आकाशांत विजा कडकडूं लागल्या तर पेटीच्या भरंवशावर न बसतां प्लग व इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीं. आकाशांतील विजेपुढें ही पेटी टिकत नाहीं.

महिन्यांतून एकदां, महत्त्वाचें काम चालूं नसतांना, भिंतीवरील बटण बंद करून पेटी किती मिनिटें टिकते तें घड्याळ लावून पाहावें. प्लग ओढून काढूं नये; त्यानें अर्थिंगहि सुटतें. मीं हे आंकडे पंचांगाच्या मागील पानावर लिहून ठेवतों. मिनिटें पांचाच्या खालीं आलीं कीं बॅटरी बदलतों, आणि जुनी दुकानदाराकडे परत देतों. २०२२ सालच्या नियमांनीं तिची विल्हेवाट निर्मात्यांवर सोंपविली आहे. शिसें विषारी आहे. मुलांच्या हातीं किंवा नाल्यांत तें जातां कामा नये.

सध्यां माझी पेटी चौदा मिनिटें चालते. शिवाय गटाचा हिशेब मी रोज सायंकाळीं पेन ड्राइव्हवर उतरवितों, आणि महिन्याच्या शेवटीं एक प्रत कागदावर काढून त्या बायांच्या हातीं देतों. ती छापतांना प्रिंटर भिंतीच्या वेगळ्या बटणावर असतो.