खोक्यातला हिशेब

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडकडे, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाकडे वळलं, की दुकानांच्या काचांमागे झगमगणारी कॅबिनेटं दिसू लागतात. पंखे रंगीत, रॅमच्या पट्ट्या रंगीत, एखाद्या ठिकाणी तर वायरीसुद्धा. गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करायला आलेलं कॉलेजचं पोरगं आधी तिथेच थबकतं आणि बेताचं बजेटही तिथेच गळायला लागतं. या रोषणाईने गेमचा वेग एका फ्रेमनेही वाढत नाही.

पार्टांची यादी करण्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: गेम कोणते आणि मॉनिटर कोणता. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक 2077 सारखा गेम ग्राफिक्स कार्डाला घाम फोडतो. मॉनिटरचा हिशेब तर सरळ आकड्यांचा आहे. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर दर फ्रेमला सुमारे 20 लाख ठिपके रंगवावे लागतात, 4के पडद्यावर त्याच्या चौपट. खिसा हलका असेल तर 1080 वर थांबण्यात कमीपणा नाही.

अशा बजेटात एएमडीचा रायझन 5 5600 हा सहा कोअरचा प्रोसेसर अजून टिच्चून उभा आहे. तो 2022 चा, आणि ज्या एएम4 सॉकेटवर बसतो ते 2016 पासूनचं. जुनं म्हणून नाक मुरडण्याआधी एक फायदा बघावा: बी450 किंवा बी550 बोर्ड घेतला, तर पुढेमागे बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर 5800एक्स3डीसारखा गेमिंगचा तगडा प्रोसेसर चढवता येतो. जोडीला 8 जीबीचं आरएक्स 6600 कार्ड दिलं, की रे ट्रेसिंगचा हट्ट सोडल्यास 1080 वर बहुतेक गेम नीट चालतात. कार्डाचे पैसे आत्ता नसतील, तर आतच ग्राफिक्स असलेला 5600जी घ्यावा; मात्र रॅमची एकच पट्टी न घेता दोन घ्याव्यात. हे ग्राफिक्स रॅमच उसनी वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्यांचा फरक खेळताना जाणवतो. रॅमचं मात्र सध्या अवघड आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप्सवर ताव मारल्याने 2025 च्या अखेरीस भाव भडकले, आणि मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना थेट विकायचा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं.

काटकसर करू नये अशी जागा एकच: एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर जवळपास फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर 500 वॉट छापलेलं असतं. ते छापण्याचा खर्च शाईएवढाच. वर सांगितलेल्या जोडीत कार्ड 132 वॉटचं, प्रोसेसर 65 वॉटचा. नावाजलेल्या कंपनीचा 80 प्लस प्रमाणित 550 वॉटचा एसएमपीएस इथे पुरून उरतो. व्होल्टेज खालीवर होणाऱ्या गावात, किंवा जिथे अर्थिंगचा पत्ता नाही आणि कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात तिथे, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. आरजीबी पंखे पुढच्या दिवाळीला आले तरी चालतात.

सेकंडहँड बाजारात मौज आहे आणि सापळेही आहेत. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. ती सगळीच टाकाऊ नसतात, पण अर्धा तास गेम चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आरएक्स 580 घेताना नावामागे ‘2048एसपी’ आहे का ते पाहावं. ते मूळ 580 पेक्षा कमी ताकदीचं.

ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स हा आणखी एक स्वस्त रस्ता. 75 वॉटवर भागणारं जीटीएक्स 1650 अशा मशीनमध्ये बसू शकतं. छोट्या कॅबिनेटला अर्ध्या उंचीचंच कार्ड लागतं आणि बऱ्याच मॉडेलांना बाजारातला साधा एसएमपीएस जुळत नाही, हे आधी तपासावं. शिवाय विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आहे, आणि विंडोज 11 वर व्हॅलोरंट टीपीएम 2.0 या सुरक्षा सुविधेशिवाय सुरूच होत नाही. स्वस्तात आणलेलं जुनं मशीन इथे अडतं.

जोडणी फारशी अवघड नाही. एक स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर पुरतो. कॅबिनेटची पुढची बाजू बंद काचेची नको, जाळीची हवी, नाहीतर मे महिन्यात आतली हवा कोंडते. आणि सगळं जुळूनही मशीन मंद वाटलं, तर दुकान गाठण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असेल, तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली असते. बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू न केल्याने 3200 ची रॅम 2133 किंवा 2400 वर रेंगाळत असते. आणि हौसेने आणलेला 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये 60 वरच राहिलेला असतो.